मोहाच्या हंगामात गळणारे विद्यार्थी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: 'सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. डोंगरउतारावर मोह, चारोळी आणि सालई यांची नवी रोपे किती उगवतात आणि त्यांतली किती तगतात, हे पाहण्यासाठी मला छोटासा निधी मिळाला आहे. पदवीच्या सहा विद्यार्थ्यांना त्यातून मानधन देता येते. गेल्या वर्षी मी मुद्दाम पावरा, भिल्ल आणि तडवी समाजांतील चार विद्यार्थी घेतले. त्यांत दोन मुली होत्या. जंगल त्यांच्या ओळखीचे असल्यामुळे त्यांना हे काम सोपे जाईल, असे मला वाटले होते. फेब्रुवारीपर्यंत सारे ठीक चालले. मार्चमध्ये दहा दिवसांच्या मुक्कामी शिबिराच्या तोंडावर तिघे गावी गेले आणि परत आलेच नाहीत. मुलींना घरच्यांनी मुक्कामाची परवानगी ऐन वेळी नाकारली. चौथ्याने एप्रिलमध्ये काम सोडले. एका मुलीची नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. सहकारी म्हणतात, या मुलांना आवडच नाही, पुढच्या वर्षी गुणांवर निवड करा. प्राचार्यांना शोधनिबंध हवा आहे. मी निकष सैल केले होते का, हे माझे मलाच कळत नाही. आता काय करावे?'

सर,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मार्च या शब्दावर अडले. सातपुड्यात मार्च म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असणार. होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची होळी पाहायला लांबलांबून माणसे येतात आणि बाहेर मजुरीला गेलेली मंडळी शक्य असेल तर त्या दिवसांत घर गाठतात. त्याच सुमारास मोह गळू लागतो. मोहाची फुले रात्रीतून आणि पहाटे पडतात. ऊन चढण्याआधी आणि गुरे तिथे पोहोचण्याआधी ती वेचावी लागतात, म्हणून घरातले झाडून सारे हात उजाडण्यापूर्वीच झाडाखाली असतात. मोहाचा हंगाम संपत येतो तोवर तेंदूपानांचा सुरू होतो. नेमक्या या दिवसांत तुम्ही दहा दिवसांचे मुक्कामी शिबिर ठेवले होते. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु ही तारीख ठरवताना तुमच्यासमोर विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक होते, विद्यार्थ्यांच्या घरचे नव्हते. ज्या मुलांना घरच्या वर्षभराच्या मिळकतीचा एक भाग आणि निधीतले आपले मानधन यांतून एकाची निवड करावी लागली, त्यांनी घराची निवड केली. यावरून त्यांना आवड नाही असा निष्कर्ष निघत नाही. त्यांना फुरसत नव्हती, एवढेच यावरून म्हणता येते, आणि आपण शिक्षक मंडळी या दोन गोष्टींची गल्लत फार सहज करतो.

याहून मला रुखरुख लावणारी गोष्ट वेगळी आहे. तुमचा प्रकल्प मोहाच्या रोपांचा आहे. मोहाखाली रोपे कमी का दिसतात, याच्या उत्तराचा मोठा भाग वेचणीच्या दिवसांतच दडलेला असतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा अनेक ठिकाणी जाळतात आणि त्या आगीत आधीच्या पावसाळ्यात आलेली कोवळी रोपे होरपळतात. पुढे फळे पिकली की तेलासाठी बिया गोळा होतात, आणि मोहाचे बी फार काळ टिकणारे नसल्यामुळे जे मागे उरते त्याला लगेचचा पाऊस मिळाला तरच ते रुजते. म्हणजे तुमची विद्यार्थिनी शिबिर सोडून जिथे गेली, तिथेच तुमचा प्रश्न बसलेला होता. ती पहाटे कोणत्या झाडाखाली होती, त्या झाडाची फुले किती दिवस पडत राहिली, रोज किती पायल्या भरल्या, वाळल्यावर त्यांचे वजन किती उतरले आणि झाडाखाली आग कधी लावली, या नोंदी त्या मार्चमध्ये तिच्याइतक्या चांगल्या रीतीने दुसरे कोणीही घेऊ शकले नसते. तिला एक वही, एक तराजू आणि चार रकान्यांचे नोंदपत्रक देऊन तुम्ही घरी पाठवले असते, तर ती गैरहजर ठरली नसती. ते तिचे क्षेत्रकार्यच झाले असते.

अर्थात यात एक सावधगिरी हवी आणि ती मी जोर देऊन सांगते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. ज्या नोंदीवरून कुणाच्या घरावर बोट ठेवता येईल, ती नोंद त्या घरच्या मुलीकडून घ्यायची नाही. झाडांना क्रमांक द्या, कुटुंबांची नावे कुठेही लिहू नका आणि काय छापायचे, काय नाही, हे ठरवताना तिला व तिच्या घरच्यांना शेवटचा शब्द द्या.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळते: जंगल त्यांच्या ओळखीचे आहे, म्हणून काम सोपे जाईल. हे तुम्ही आपुलकीने लिहिले आहे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे, ते प्रत्येकाच्या बाबतीत खरे नसते. पहिलीपासून आश्रमशाळेत आणि पुढे वसतिगृहात वाढलेल्या पावरा मुलाने जंगल फक्त सुट्ट्यांत पाहिलेले असू शकते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातला तडवी मुलगा केळीचा घड कधी उतरवायचा हे अचूक सांगेल, पण चारोळीचे रोप ओळखेलच असे नाही. अशा मुलाला सगळ्यांसमोर 'तू तर इथलाच, तुला माहीत असेल' असे म्हटले आणि त्याला सांगता आले नाही, तर त्याची दुहेरी कुचंबणा होते. आपण वर्गात कमी आणि रानातही कमी, असे त्याला वाटू लागते.

दुसरा खळगा असा, की ज्याला खरोखर माहीत असते त्याला आपण वाटाड्या करून टाकतो. हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याबरोबर पक्षिगणनेला येत असे. आपल्या भागातला रानपिंगळा हे छोटे घुबड तुम्हाला ठाऊक आहेच. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता, तो पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये परदेशी पक्षितज्ज्ञांना शहाद्याजवळ पुन्हा दिसला. (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.) मधल्या ११३ वर्षांत हा दिवसा वावरणारा, निष्पर्ण सागाच्या उघड्या फांदीवर ठाण मांडून बसणारा पक्षी एकाही गुराख्याच्या नजरेस पडला नसेल, असे मला मुळीच वाटत नाही. माझा विद्यार्थी रानपिंगळा आणि साधा पिंगळा यांतला फरक दुर्बिणीशिवाय सांगत असे. साध्याच्या डोक्यावर ठिपके दाटलेले असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे दिसते, हे त्याने मला माझ्या पुस्तकाआधी दाखवले. अहवाल लिहिला तेव्हा मी त्याला आभारांच्या शेवटच्या ओळीत 'स्थानिक मदतनीस' केले, आणि ज्यांनी माझे तक्ते टंकलिखित केले त्यांची नावे मात्र नावानिशी छापली. अहवाल त्याने ग्रंथालयात वाचला. तो काही बोलला नाही. पुढच्या गणनेला मात्र आला नाही, आणि तो का आला नाही हे समजायला मला काही वर्षे लागली.

म्हणून पहिल्याच बैठकीत, काम सुरू होण्याआधी, श्रेयाची गोष्ट कागदावर आणा. किती चौकटी (रोपे मोजण्यासाठी जमिनीवर आखलेले चौकोन) मोजल्या, किती महिने काम केले, कोणता भाग लिहिला म्हणजे शोधनिबंधावर लेखक म्हणून नाव येईल, हे मराठीत लिहून सगळ्यांना द्या. अर्ध्यावर थांबलेल्याच्या नोंदी वापरल्या, तर त्याचा उल्लेख नावानिशी होईल, हेही त्यात असू द्या. गेल्या वर्षीच्या चौघांनी जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या नोंदी तुमच्या तक्त्यात आहेतच. त्यांची नावे कुठे आहेत?

निकष सैल केले का, या तुमच्या प्रश्नाने तुम्हाला बराच त्रास दिलेला दिसतो. माझ्या मते निवडीचा निकष आणि कामाचा निकष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीचे गुण पाहून घेतलेला विद्यार्थी उतारावरच्या झाडाचा घेर बरोबर मोजेल, याची खात्री कोणी दिली आहे? छातीच्या उंचीवरचा घेर म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, हे सगळे पाठ म्हणून दाखवतात. पण उतारावर ही उंची चढाच्या बाजूने मोजायची असते, आणि टेप खोडाभोवती तिरका गेला की घेर वाढून येतो, हे दहा झाडे चुकल्याशिवाय कोणाच्याही हाताला कळत नाही. कामाचा निकष तसूभरही सैल करू नका. एकच चौकट दोन विद्यार्थ्यांना एकमेकांच्या नोंदी न पाहता मोजायला लावा, मग दोन्ही पत्रके शेजारी ठेवून फरक कुठे आणि का पडला ते त्यांनाच शोधू द्या. तुमची स्वतःची चौकटही त्यात असावी. सरांच्या मोजणीत दोन रोपे सुटली, हे एकदा विद्यार्थ्यांना सापडले की पुढे चुका लपवण्याचे त्यांना कारण उरत नाही. निवडीसाठी मात्र गुणपत्रिका बाजूला ठेवून अर्जदारांना एक दिवस, दिवसाच्याच वेळी, उतारावर न्या. कोण प्रश्न विचारतो, कोण न समजलेले कबूल करतो, कोण दुसऱ्याला टेपचे टोक धरू देतो, हे पाहा. सहकाऱ्यांनाही या निवडीला आक्षेप घेता येणार नाही.

पैशाचा भाग मी लांबवत नाही, पण गळतीचे अर्धे कारण तिथे असते. 'आधी खर्च करा, मग बिल जोडा' ही पद्धत ज्याच्या खिशात तालुक्याला जायचे एसटीचे भाडे नाही, त्याला पहिल्याच आठवड्यात बाहेर काढते आणि तो तसे सांगणारही नाही. तो म्हणेल, 'सर, तब्येत बरी नव्हती.' प्रवासाची रक्कम आगाऊ द्या. मानधन महिन्याच्या महिन्याला खात्यात जाईल असे पाहा, आणि कार्यालयात ते अडकणार असेल तर तसे आधीच सांगून टाका, म्हणजे कोणी त्या भरवशावर उसनवारी करणार नाही. बूट, पाण्याची बाटली, टॉर्च आणि रेनकोट यांची एक पेटी विभागात ठेवा. जसे सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेचे असते, तसे बूट प्रकल्पाचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे चारही आढळणाऱ्या भागात चपलेवर चौकटी मोजायला लावणे ही काटकसर नव्हे. सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला गाडी कोणती, हे प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही, पण कदाचित त्या चौथ्या मुलाच्या बाबतीत असू शकेल. शिबिरात तुम्ही वनविभागाच्या जीपने जाणार होता का? ज्या घराचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा अजून मिटलेला नाही, किंवा ज्या वडिलांना लाकडाच्या मोळीवरून कधी काळी वनरक्षकाने अडवले आहे, त्या घरच्या मुलाने खाकी गणवेशाशेजारी बसून स्वतःच्या गावाच्या शिवारात उतरणे ही साधी गोष्ट नाही. गाव त्याला विचारेल की तू कोणाच्या बाजूने मोजतो आहेस. अभयारण्यात अभ्यासासाठी रीतसर परवानगी लागतेच आणि वनविभागाचे सहकार्यही हवे. पण त्याच जोडीला ग्रामसभेत जाऊन आपण काय मोजणार आहोत, का मोजणार आहोत आणि त्याचे पुढे काय होईल, हे सांगा. ते सांगताना शेजारी तो विद्यार्थी असावा, आणि बोलण्याचा काही भाग त्याने पावरी किंवा भिलीत करावा, अर्थात त्याची तयारी असेल तरच. एखाद्याला स्वतःच्या गावात काम करायचे नसेल तर कारण न विचारता त्याला दुसरी जागा द्या.

मुलींबद्दल तुम्ही लिहिता की घरच्यांनी मुक्कामाची परवानगी ऐन वेळी नाकारली. संमतिपत्रावर वडिलांची सही आणायला सांगून आपण मोकळे होतो, पण आईच्या मनात असतात ते प्रश्न निराळेच: ती कुठे झोपेल, बरोबर बाई कोण आहे, परसाकडे कुठे जाईल, पाळी आली तर काय, फोन लागतो का. या पाचांची उत्तरे तुमच्याकडे नसतील तर आईचा नकार मी योग्यच मानीन. एकटी मुलगी कधीही घेऊ नका, किमान दोघी असू द्या. महिला सहकारी येऊ शकत नसतील तर गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला मानधन देऊन शिबिरात बरोबर घ्या. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा आणि ते आहेत हे सगळ्यांना, मुलांनाही, सांगा. काही अयोग्य घडले तर कोणाकडे जायचे, महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, हे निघण्याआधी समजले पाहिजे. आणि मुक्काम न करणारीला कमी प्रतीची संशोधक ठरवू नका. तुमचा प्रकल्प रोपे मोजण्याचा आहे. रोपे रात्री पळून जात नाहीत. शेवटच्या एसटीआधी परतता येईल अशा चौकटी आखल्या तर दहा दिवसांचे शिबिर पाच रविवारांत आणि काही सुट्ट्यांत बसू शकते.

भाषेबाबत माझा आग्रह असा की पहिले दोन-तीन महिने वही विद्यार्थ्याच्या भाषेत असावी. झाडांची नावे पावरी, भिली किंवा अहिराणीत, देवनागरीत लिहिलेली चालतील. शेजारचा रकाना शास्त्रीय नावासाठी मोकळा ठेवा आणि तो विभागात परत आल्यावर सगळ्यांनी मिळून भरा. कधी कधी दोन स्थानिक नावांना एकच शास्त्रीय नाव निघते, कधी उलट होते, आणि अशा ठिकाणी थांबून झाड पुन्हा पाहावे लागते. वनस्पतिशास्त्राचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही. इंग्रजी टाळता येणार नाही, हे मी मान्य करते. आठवड्यातून एकदा एका शोधनिबंधाचा केवळ पद्धतीचा भाग एकत्र बसून वाचा, ओळीओळीने. वाचून दाखवण्याची सक्ती कोणावर नको.

मार्गदर्शन या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुधा अडचण आली की केबिनमध्ये या, असा होतो. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तो केबिनचे दार ठोठावत नाही. म्हणून वेळ तुम्ही ठरवा. प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, काम नसले तरी. पहिली दहा मिनिटे घर, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता. नंतर वही. उरलेल्या वेळात ज्या गोष्टी आपण कोणी शिकवत नाही, परंतु सगळ्यांना येतात असे धरून चालतो, त्या: प्राध्यापकाला ईमेल कसा लिहावा, शिफारसपत्र कसे मागावे, भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी पाठ्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळूरला वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते म्हणजे नेमके काय. आणि 'रानात हिंडून नोकरी कुठली लागणार?' हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नका. एखाद्याला वनरक्षक भरतीची तयारी करायची असेल तर त्यातही मदत करा. रोपे ओळखणारा वनरक्षक सातपुड्याला नको आहे का?

आता पुढच्या वर्षाचे. गुणांवर निवड करून प्रकल्प आहे तसाच ठेवला, तर चौकटी पूर्ण होतील, शोधनिबंधही होईल, आणि जिथे अभ्यास चालला आहे त्या डोंगरातले एकही नाव त्यावर नसेल. प्रकल्प तसाच ठेवून पुन्हा तुमच्या पद्धतीने निवड केली, तर मार्च पुन्हा येईल. तिसरा मार्ग खर्चिक आहे आणि ते मी लपवत नाही. निधी तेवढाच असेल तर सहाऐवजी चारच विद्यार्थी घ्या, म्हणजे आगाऊ भाडे, बूट आणि बरोबरच्या बाईचे मानधन त्यात बसेल. चौकटी कमी होतील आणि निबंध कदाचित एक हंगाम लांबेल. हे प्राचार्यांना आणि निधी देणाऱ्यांना आजच, आकड्यांसह, लेखी कळवा. पुढच्या मार्चमध्ये कारणे देत बसण्यापेक्षा ते बरे. नव्या अभ्यासक्रमातील फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक या कामाला जोडता येतात का, तेही विचारा. तसे झाले तर विद्यार्थ्याला हे काम अभ्यासाव्यतिरिक्तचे वाटणार नाही. वेळापत्रक विद्यार्थ्यांबरोबर बसून करा. एका फुलस्केप कागदावर बारा महिने आखून प्रत्येकाला विचारा: पेरणी कधी, कापूस वेचणी कधी, दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जातात का, मोह कधी, तेंदू कधी. जे महिने मोकळे उरतील ते मुक्कामाचे. जे भरलेले असतील, त्यांत घरी बसून घेता येतील अशा नोंदी.

आणि पुढच्या वर्षाची निवड करण्याआधी गेल्या वर्षीच्या चौघांना भेटा. फोनवर नको, कारण फोनवर ते 'हो सर' म्हणतील. शक्य असेल तर त्यांच्या गावी जा, का गेलात असे विचारू नका, आमच्या आखणीत काय चुकले ते विचारा, आणि जाताना कपाटातली ती वही बरोबर घ्या. ती तिची आहे. तिला पुन्हा यायचे नसेल तरीही ती तिच्याकडेच राहू द्या, तुम्हाला हव्या त्या पानांची छायाप्रत तिला विचारून घ्या. तिला यायचे असेल, तर तिच्या घरच्या मोहांना क्रमांक देण्याचे काम त्याच दिवशी सुरू करता येईल.